काळे ऑईल जाते कुठे?

एमएच-२४ असो की एमएच-२६, गाडी दहा हजार किलोमीटर चालली किंवा वर्ष उलटले की मालकापुढे प्रश्न येतो: ऑईल गॅरेजमध्ये बदलायचे की घरीच? मोबाईलवर व्हिडिओ पाहून रविवारी सकाळी अंगणात गाडीखाली शिरणारे आता लातूर-नांदेडातही दिसतात. ट्रॅक्टरचे ऑईल तर अनेक शेतकरी पूर्वीपासून गोठ्यासमोरच बदलतात.

पैशांचा हिशेब सरळ आहे. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑईल, एक फिल्टर आणि ड्रेन बोल्टचे वायसर लागते. हा खर्च दोन्हीकडे आहेच. घरी वाचते ती मुख्यतः मजुरी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी तुलना केली तर बचत बऱ्यापैकी, कोपऱ्यावरच्या गॅरेजशी केली तर किरकोळ. शिवाय पाना, फिल्टर काढण्याचे साधन आणि गाडी पेलणारे स्टँड विकत घ्यावे लागतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. बोल्ट जास्त आवळून आटे गेले, तर चेंबरच बदलण्याची पाळी येते.

घरी बदलण्याचा खरा फायदा वेगळा आहे: आत कोणते ऑईल गेले ते डोळ्यांसमोर असते. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारे ऑईलच चालते. भलतेच ओतले तर तो फिल्टर हळूहळू चोंदतो. मात्र पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड सांगून, सीलबंद कॅन समोर फोडायला लावून हे गॅरेजमध्येही साधता येते. वॉरंटीतील गाडीला बिलाचा आधार राहतो, तो वेगळाच.

पैशांच्या बाजूने पाहिले तर पारडे फारसे कुठे झुकत नाही. ते झुकते चेंबरमधून निघालेल्या काळ्या ऑईलच्या बाबतीत.

नवे ऑईल मधाच्या रंगाचे असते. इंजिनात फिरताना त्यात काजळी, न जळलेले इंधन, लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे बारीक कण आणि बेंझोपायरीनसारखी संयुगे मिसळतात. यातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. प्रयोगशाळेत उंदरांच्या त्वचेवर वापरलेले इंजिन ऑईल वारंवार लावले असता गाठी आढळल्या आहेत. खनिज तेल आणि त्वचेच्या कर्करोगाचा संबंध वैद्यकशास्त्राला जुनाच माहीत आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांत यंत्रांच्या तेलाने कपडे सतत भिजणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसला होता.

वर्षातून एकदा बोटे माखली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोज कोपरापर्यंत काळे हात घेऊन काम करणाऱ्या मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याला. त्वचा कोरडी पडणे, खाज, केसांच्या मुळाशी पुरळ ही सुरुवातीची लक्षणे. पेट्रोल किंवा रॉकेलने हात धुण्याची सवय त्यात भर घालते. त्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते. नायट्राईलचे हातमोजे, साबण आणि तेलकट फडके खिशात न ठेवणे हे साधे उपाय बरेच काम करतात.

दुसरा धोका पाण्याचा, आणि मराठवाड्यात तो जास्त मोठा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार एका गाडीचे ऑईल, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, जवळपास ३८ लाख लिटर गोडे पाणी खराब करू शकते. हा कमाल अंदाज आहे, पण लातूरकरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला साधारण २५ लाख लिटर पाणी येत असे. नालीत ओतलेले एका गाडीचे ऑईल त्याहून जास्त पाणी बिघडवण्याच्या ताकदीचे आहे.

नालीतले ऑईल पुढे ओढ्याला आणि नदीला मिळते. नांदेडात ती वाट गोदावरीकडे जाते. मातीत ओतले तरी सुटका नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, खाली बेसाल्टचा खडक आहे आणि त्याच्या फटींतूनच विहिरी-बोअरला पाणी मिळते. मुरलेली घाण काढण्याचा सोपा उपाय नाही.

प्रत्यक्षात पुष्कळसे काळे ऑईल ओतले जातही नाही, ते ‘कामाला’ येते. सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवीसाठी लाकडाला, कडबा कुट्टीच्या यंत्राला, कधी जनावरांच्या खरजेवरही. जनावर अंग चाटते, त्यामुळे हा शेवटचा उपचार घातकच. उरलेले भंगारात जाते. तिथून ते भट्टीत जळले तर धातू आणि काजळी हवेत येतात.

वास्तविक ऑईल झिजून संपत नाही, ते मळते. योग्य कारखान्यात शुद्ध करून त्यापासून पुन्हा मूळ तेल बनवता येते. म्हणूनच केंद्र सरकारने धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सप्टेंबर २०२३ मध्ये दुरुस्ती करून ऑईल उत्पादक आणि आयातदारांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. पहिल्या वर्षी ५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ५० टक्के असे लक्ष्य आहे.

हे लक्ष्य कंपन्यांच्या वार्षिक विक्रीवर मोजले जाणार. अंगणात कॅनमध्ये साठलेले तीन लिटर त्या साखळीत शिरणार कसे, हा कळीचा मुद्दा. त्याचे उत्तर बॅटरीच्या दुकानात सापडते. जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत वजावट मिळते, म्हणून ती कोणी उकिरड्यावर टाकत नाही. अमेरिकेत सुटे भाग विकणारी अनेक दुकाने घरगुती जुने ऑईल फुकट घेतात. ऑईल विकणाऱ्या प्रत्येक काउंटरवर जुने परत घेण्याची आणि लिटरमागे काही रुपये देण्याची सोय झाली, तर नांदेड-लातूरच्या गल्लीतूनही ते गोळा होईल. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी कंपन्यांना भाग पाडायला हवे.

तोपर्यंत साधा नियम पाळावा. ज्याच्याकडे जुने ऑईल देण्याची खात्रीची जागा नाही, त्याने घरी ऑईल बदलू नये. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे ते पाठवणारे सर्व्हिस सेंटर निवडावे आणि तसे विचारून घ्यावे. ज्याने घरीच बदलले, त्याने ते त्याच कॅनमध्ये, पाणी किंवा रॉकेल न मिसळता, झाकण लावून अशा ठिकाणी नेऊन द्यावे. ते जुने ऑईल घेतात का, हे मात्र गाडीखाली शिरण्याआधी विचारावे.