हात कुठे ठेवायचे?

भाषण शिकवणाऱ्या क्लासेसवर माझा राग आहे. तो जुना नाही, गेल्या वर्षीचाच आहे, पण चार हजार रुपये भरून घेतलेला असल्यामुळे पक्का आहे.

घर अमरावतीला, बँक अकोल्याला. एका खेड्यात शेतकरी मेळावा ठरला आणि पीककर्जावर बोलायची पाळी माझ्यावर आली, कारण साहेबांचा घसा नेमका त्याच दिवशी बसणार होता. म्हणून मी क्लास लावला. पहिला रविवार हातांवर गेला. ते खिशात घालू नयेत, पाठीमागे बांधू नयेत, पोटावर ठेवू नयेत. वीस वर्षं याच हातांनी मी नोटा मोजतोय; ते इतके अडचणीचे आहेत हे ठाऊकच नव्हतं. दुसरा रविवार भीतीवर. समोर माणसं नसून कपाशीची झाडं उभी आहेत असं समजावं! तिसऱ्या रविवारी सर माझ्या जिभेपर्यंत पोचले. म्हणाले, "ते मले-तुले आधी काढून टाका. शुद्ध बोललात की आत्मविश्वास येतो." आईनं घातलेली भाषा मी एका रविवारात काढली. चौथ्या रविवारी प्रमाणपत्र मिळालं.

मेळाव्यात मी वीस मिनिटं शुद्ध बोललो. 'विहित मुदतीत परतफेड', 'व्याज सवलतीचा लाभ', 'नियमित कर्जदार'. हात जागच्या जागी, नजर मागच्या भिंतीवर. कपाशी स्वस्थ होती. शेवटी टाळ्या पडल्या आणि पहिल्या रांगेतले एक म्हातारबुवा उठले.

"सायेब, समदं बेस झालं. पन मंग आमी पैसे भरावं का नाई भरावं?"

वाचकहो, माझी बी.कॉम.ची पदवी त्या क्षणी बुडीत खात्यात गेली. गोष्ट साधी होती. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं की व्याजात सवलत मिळते, तारीख चुकली की ती जाते. त्या सभेत किती जणांची तारीख तोंडावर आली होती! आणि मी त्यांना 'विहित' शब्द ऐकवत होतो. मी खाली उतरलो. "काका, कर्ज कवा उचललं होतं?" त्यांनी सांगितलं. "मंग हे तारीख गेली त व्याज कोनाले लागन?" मागून कुणी तरी म्हणालं, "आमालेच लागन ना भौ!" पुढचा अर्धा तास मी हात कुठे ठेवले होते, मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, डेबूजी नावाचा पोरगा गुरं राखत वाढला. जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. पुढे गाडगेबाबा झाल्यावर ते दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. शाळा नाही, पोथी नाही. समोरच्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, आलेल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न, आणि माणूस आपल्याच तोंडून कबूल होऊन बसायचा. कर्ज काढून सण-लग्नं करू नका, पोरांना शिकवा, असं सांगायचे. (यातलं पहिलं वाक्य आम्ही कर्जविभागातली माणसं जरा हळू आवाजात उच्चारतो.) दिवसभर हातात खराटा असलेल्या माणसाला हात कुठे ठेवायचे हे कोण विचारणार? आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि त्यांच्याच जयंतीला आमची पोरं 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून पाठ केलेलं ओकतात!

कुणी म्हणेल, शुद्ध बोलण्यावर एवढा राग कशाला? राग नाही. राम शेवाळकरही आमच्या अचलपूरचेच, १९३१ सालचे. त्यांची मराठी संस्कृतानं नटलेली, पण ती त्यांच्या अंगची होती. आम्ही चार रविवारांच्या बोलीनं दुसऱ्याचा कोट आणतो आणि बाह्या लांब पडल्या की हाताला दोष देतो. भीती लोकांची नसते हो. आत सांगण्यासारखं काही नाही, हे उघडं पडण्याची असते. त्यावर क्लासवाले काय शिकवतात? भिंतीकडे बघा! खऱ्या गरजेच्या गोष्टीसाठी भांडताना आमच्या भाजीबाजारातली एकही बाई मी अडखळताना पाहिली नाही. तिला नेऊन बसवा या क्लासमध्ये. चौथ्या रविवारी तिला वांग्याचा भाव सांगता येणार नाही.

आठवड्यानं ते म्हातारबुवा भरणा करायला काउंटरवर आले. पावती घडी घालून खिशात ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

"त्या दिशी खाली येऊन बोलले ते तुमीच ना?"

"हाओ, काका."

"मंग पयले वर उभा होता, तो कोन होता?"