कडेची खुर्ची

2003 साली न्यू जर्सीत धाकट्या भावाने रुंद पडद्याचा, त्यातल्या त्यात स्वस्त रिअर प्रोजेक्शन टीव्ही घेतला. कपाटाएवढे धूड! आत लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या. त्यांचे चित्र आरशावरून मागच्या बाजूने पडद्यावर पडे. सिनेमा झकास दिसे. 4:3 चे जुने कार्यक्रम मात्र ताणले, की सडपातळ नायिकाही लठ्ठ. न ताणावे, तर कडेच्या काळ्या पट्ट्यांचे डाग कायमचे उमटायची धास्ती.

एवढे चालवून घेता येते. पण चित्र समोरच्यालाच उजळ, कडेच्याला अंधूक, आणि कडेची खुर्ची आईची. मी बँकेतला माणूस. कर्ज देण्याआधी घर बघून येणारा. भावाने फक्त इंच बघितले होते. आई म्हणे, "दिसतंय रे मला." आठव्या दिवशी आम्ही सोफा सरकवून तिची खुर्ची मध्ये आणली.