जोखीम कोणाची, तयारी कोणाची?

नगरहून पुण्याच्या वाटेला लागले की सुप्याच्या आसपास जे दृश्य दिसते, ते आमच्या पिढीला अजूनही काहीसे अनोळखी वाटते. ज्या पारनेर तालुक्याची ओळख वर्षानुवर्षे बाजरी, टंचाई आणि पोटासाठी मुंबईला गेलेली माणसे एवढ्यात सामावत असे, त्याच तालुक्याच्या माळावर आज परदेशी नावांच्या पाट्या लागल्या आहेत. जपानी उद्योगांसाठी देशात ज्या औद्योगिक नगरी निश्चित झाल्या, त्यांत सुप्याचा समावेश आहे. खुद्द नगरच्या औद्योगिक वसाहतीतही असाच पालट झाला. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना ही नगरकरांच्या अभिमानाची गोष्ट. त्या कंपनीने आपला हा विद्युत व्यवसाय फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकला विकण्याचे २०१८ साली ठरविले आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तो व्यवहार पुरा झाला. फाटक तेच राहिले. परंतु अखेरचा शब्द जेथे उच्चारला जातो, ते ठिकाण सातासमुद्रांपलीकडे गेले.

ह्यात खंत करण्याजोगे काही आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ज्या जिल्ह्यातील पदवीधर तरुण नोकरीसाठी पुण्याच्या खोल्यांतून दाटीने राहतो, त्या जिल्ह्याने घरी चालून आलेल्या उद्योगाकडे नाक मुरडावे, हे शहाणपणाचे नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. एखाद्या रात्री काही विपरीत घडले, तर त्या रात्रीची तयारी ह्या कंपन्यांच्या दप्तरात असेलही. पण ती आपल्या गावाला ठाऊक आहे काय?

संकटाची पूर्वतयारी हे आता मोठ्या उद्योगांत एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. जोखीम कशी ओळखावी, मोजावी व आवरावी ह्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००९ साली सिद्ध झाले आणि २०१८ साली सुधारण्यात आले. आपल्याकडे रोखे बाजाराच्या नियामकाने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना संचालक मंडळाची जोखीम व्यवस्थापन समिती नेमणे २०२१ साली सक्तीचे केले. वार्षिक अहवालातील त्या विषयाची पाने चाळली, तर परकीय चलनाच्या चढउतारापासून संगणकावरील हल्ल्यापर्यंत सारे काही तेथे सापडते. परंतु ती पाने भागधारकासाठी लिहिलेली असतात. कंपनीच्या नफ्याला धोका कोठून, हा त्यांतील प्रश्न. कंपनीपासून इतरांना धोका कोणता, हा प्रश्न तेथे आलाच तर खटले व भरपाई ह्यांच्या रूपाने येतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही एक साधी गोष्ट सांगत असतो. जोखीम नाहीशी फार क्वचित होते. बहुधा ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. विम्याचा हप्ता भरणारा ती उघडपणे देतो आणि विमा कंपनी ती उघडपणे घेते. पण जेथे देणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेथे त्या व्यवहाराला व्यवस्थापन म्हणावे की आणखी काही, ह्याचा विचार व्हावयास हवा.

२ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र ह्याचे सर्वांत भयंकर उदाहरण होय. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. गळणारा वायू जाळून टाकण्यासाठी जो मनोरा होता, तोही त्या रात्री निकामी होता. हिशेबाच्या वहीत अशा गोष्टी बचत म्हणून दिसतात. बचत कंपनीच्या खात्यावर जमा झाली आणि जोखीम फाटकाबाहेरच्या झोपड्यांत जाऊन बसली. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी सूचनाही तेथील माणसांना कोणी आधी देऊन ठेवलेली नव्हती. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पण ती रक्कम ज्यांनी आपल्या नकळत जोखीम पत्करली होती, त्यांना विचारून ठरलेली नव्हती.

भोपाळनंतर जग शहाणे झाले, असे मानावे तर ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे काय घडले? एका कोरियन कंपनीच्या मालकीच्या एलजी पॉलिमर्स ह्या कारखान्यातून टाळेबंदीच्या काळात स्टायरीनचा वायू बाहेर पडला आणि बारा माणसे मृत्युमुखी पडली. धोक्याचा भोंगा वाजविण्याची सोय कारखान्यात होती. तो वाजलाच नाही, असे पुढे चौकशी समितीने नमूद केले. साधन होते, योजना होती. त्या वेळी हात पुढे झाला नाही. कागदावरील तयारी आणि अंगवळणी पडलेली तयारी ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट कोण दाखविणार?

आपल्या जिल्ह्यात अशा प्रकारचे रासायनिक कारखाने कोठे आहेत, असे कोणी विचारील. नगरची कारखानदारी मुख्यतः अभियांत्रिकीची, हे खरे. परंतु साखर कारखान्यांच्या जोडीला मद्यार्काचे प्रकल्प आहेत, ज्वालाग्राही द्रवांचे साठे आहेत आणि ते वाहून नेणारे टँकर आपल्याच रस्त्यांवरून, आपल्याच बाजारगावांमधून जातात. शिवाय संकट म्हणजे केवळ स्फोट नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा एकाही यंत्राला ठिणगी न लागता हजारो संसार एका रात्रीत उघडे पडले. त्यांत कंत्राटी कामगार होते, आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे छोटे कारखानदारही होते.

ह्या छोट्या कारखानदारांची कहाणी निराळी सांगावयास हवी. आमचा एक माजी विद्यार्थी औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात लेथवर सुटे भाग करतो. त्याचा माल दुसऱ्या मोठ्या पुरवठादारामार्फत एका बड्या कंपनीकडे जातो. मध्यंतरी त्याच्याकडे एक प्रश्नावली आली. आपत्कालीन योजना आहे काय, पर्यायी व्यवस्था आहे काय, असे साठ-सत्तर प्रश्न होते. त्याने एका सल्लागाराकडून तयार फाइल विकत घेतली आणि सर्व प्रश्नांपुढे 'होय' असे लिहून पाठविले. ती फाइल त्याने आम्हांला दाखविली. बॉयलर फुटल्यास काय करावे ह्याची चार पाने तीत होती. त्याच्या गाळ्यात बॉयलरच नाही! त्याच वेळी त्याचे मागील तीन महिन्यांचे बिल थकलेले होते. 'सर, माझी आपत्कालीन योजना म्हणजे बायकोचे दागिने,' असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यात जे अर्थशास्त्र होते, ते आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

२००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागतात. सूक्ष्म व लघुउद्योगांची थकविलेली रक्कम चुकती होईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येऊ नये, अशी प्राप्तिकराची तरतूदही एप्रिल २०२४ पासून अमलात आली. परंतु पुढील ऑर्डर ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तक्रार करावयास कोण जातो? ज्याच्या गाठीला आठवड्याचे वेतन नाही, त्या पुरवठादाराच्या तयारीबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय.

तयारी खरी कशी असते ह्याचा एक दाखला जपानचाच आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक लहानसा भाग जवळजवळ सर्वच्या सर्व तेथेच तयार होत असे. लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच आणावयाचे, ही टोयोटाची रीत असल्यामुळे साठा जेमतेम होता. टोयोटाचे बहुतेक कारखाने बंद पडले. असे असता आठवड्याभरात गाडी पुन्हा रुळावर आली. कारण आराखडे हाती पडताच अनेक लहानमोठ्या पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो भाग करावयास घेतला. त्यांत शिलाई यंत्रे बनविणारी कंपनीही होती. दराची घासाघीस त्या वेळी कोणी केली नाही. आपण बुडणार नाही, आपले पैसे बुडणार नाहीत, असा वर्षानुवर्षांचा भरवसा त्यामागे होता. हा भरवसा प्रश्नावलीतून निर्माण होत नाही.

पूर्वतयारीचे ज्ञान आपल्याला परक्यांकडूनच शिकावे लागेल, असेही नाही. दुष्काळाने ह्या जिल्ह्याला ते फार पूर्वी शिकविले आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ज्या दुष्काळ संहिता झाल्या, त्यांचे सूत्र असे होते की, दुष्काळ पडण्यापूर्वीच कामांच्या याद्या तयार हव्यात. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेनेही तेच सूत्र पुढे चालविले. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईची खूण समजावयाची, ही आपल्या परिचयाची रीत. तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. परंतु मोजमाप आधी ठरलेले असावे, हे तिच्यामागील तत्त्व शहाणपणाचे होते. हिवरे बाजारने तर ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. पाऊस किती झाला हे मोजावे, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावे, असा त्या गावाचा परिपाठ आहे. जोखमीचा हिशेब जिच्यावर जोखीम आहे तिच्यासमोर, म्हणजे ग्रामसभेसमोर, उघड मांडला जातो. जागतिक कंपन्यांच्या कोणत्या समितीला हे जमले आहे?

कायद्याने हा मार्ग मोकळा करून ठेवला आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९९६ च्या नियमांनी रासायनिक अपघातांसाठी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट निवारण गट स्थापण्यास सांगितले. एकीकडे भागधारकांसाठी कंपनीची समिती, दुसरीकडे रहिवाशांसाठी जिल्ह्याचा गट. दुर्दैव एवढेच की, ह्या दोघांच्या वह्या एका मेजावर कधी उघडल्या जात नाहीत.

त्या उघडाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपल्या आपत्कालीन योजनेचा सारांश मराठीत छापून लगतच्या ग्रामपंचायतींना द्यावा आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत त्यावरील प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सराव दिवसाच्या पाळीत पाहुण्यांपुढे न करता रात्रपाळीत, कंत्राटी कामगारांना व गावाला बरोबर घेऊन करावा. कोणत्या खुणेवर यंत्र थांबवावयाचे, हे आधी ठरलेले असावे आणि ते थांबविण्याचा अधिकार पॅरिसला वा टोकियोला न विचारता पाळीवरील माणसाला असावा. पुरवठादाराला प्रश्नावली धाडण्यापूर्वी कंपनीने त्याचे बिल चुकते करावे.

असे ओझे लादले तर उद्योग पाठ फिरवतील, ही भीती जाणकारही बोलून दाखवितात. परंतु ज्या जपानमध्ये १९२३ च्या भूकंपाचे स्मरण म्हणून दर वर्षी १ सप्टेंबरला देशभर आपत्तीचा सराव होतो, तेथून येणाऱ्या उद्योगाला सरावाचे वावडे असण्याचे कारण नाही. उद्योगाची गुपिते कोणी मागत नाही. धोक्याची माहिती मागावयाची आहे. आणि एवढ्या मागणीनेच जो निघून जाईल, तो आपली जोखीम आपल्या दारात ठेवावयासच येत होता, असे समजण्यास हरकत नाही.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी ह्या कारखान्यांसाठी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांनी तेथे पाळ्या धरल्या. म्हणजे ह्या उद्योगांत त्यांचेही भांडवल गुंतले आहे. केवळ त्याचे शेअर-सर्टिफिकेट त्यांच्याजवळ नाही. भागधारकाला जोखमीचा हिशेब दर वर्षी घरपोच मिळतो. तो ह्या शेतकऱ्यालाही मिळावा, त्याच्या भाषेत मिळावा, आणि संकटापूर्वी मिळावा.