रिकामा सूट कुणाला?

लग्नसराईच्या आणि अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावातल्या हॉटेलांच्या काउंटरवर एक प्रश्न सारखा ऐकू येतो : "वरची रूम मिळेल का?" बुकिंग साध्या खोलीचं असतं. सूट रिकामा असेल तर तो मिळावा, जमल्यास त्याच पैशांत, नाहीतर थोडे वर देऊन, एवढीच इच्छा असते. त्यात गैर काही नाही. मला खटकतं ते उत्तर. "बघतो सर." "मॅनेजर आले की सांगतो." "सिस्टिमला दाखवत नाही." सूट रिकामा आहे की नाही, हे काउंटरमागच्या माणसाला समोरच्या स्क्रीनवर दिसत असतं. ते पाहुण्याला सांगण्यात हॉटेलचं काय जातं, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आपल्याकडच्या हॉटेलांत सूट असतात बोटांवर मोजण्याइतके. आज न विकलेला सूट उद्या दोनदा विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेलीच. तो एखाद्या पाहुण्याला दिला तर धुलाई, साफसफाई आणि विजेचा थोडा जादा खर्च, इतकंच. शिवाय त्याची साधी खोली मोकळी होते आणि रात्री नऊला दारात आलेल्या माणसाला विकता येते. मालकालाही हे कळतं. तरी अनेक ठिकाणी सूटला कुलूप लावून ठेवतात, कारण ऐनवेळी 'साहेब' येतील ही धास्ती. सीमाभागात तर ही धास्ती जास्तच, आणि तिला कारणही तसंच आहे.

ते कारण म्हणजे डिसेंबरातलं विधिमंडळाचं अधिवेशन. कर्नाटक विधिमंडळाचं पहिलं बेळगाव अधिवेशन २००६ साली केएलईच्या आवारात झालं. पुढे हलगा-बस्तवाडजवळ महामार्गालगत सुवर्णसौध उभा राहिला आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. इमारत झाली, पण आमदारांच्या राहण्याची सोय झाली नाही. नागपुरात हिवाळी अधिवेशनासाठी रविभवन आहे, नागभवन आहे, आमदार निवास आहे. बेळगावात आमदार निवासाची नुसती चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे मंत्री, आमदार, सचिव, कर्मचारी, पत्रकार हा सगळा भार शहरातल्या हॉटेलांवर येतो. जिल्हा प्रशासन महिनाभर आधीच खोल्या अडवून ठेवतं, आणि त्यात सगळ्यात आधी जातात ते सूट. शनिवार-रविवारी कामकाज नसतं, बरेच आमदार आपापल्या गावी जातात, खोल्या मात्र त्यांच्याच नावावर राहतात. त्या दिवसांत सूट मागणाऱ्याला नकार मिळाला तर रिसेप्शनवरच्या पोराला बोल लावू नये. त्याच्या हातात काही नसतं.

याच शहराने एकदा पाहुण्यांची सोय वेगळ्या तऱ्हेने केली होती. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा गंगाधरराव देशपांडे यांनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी तिथे विजयनगर नावाचं तंबूंचं गावच वसवलं. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. गांधीजींसाठी बांबूची आणि खादीची कुटी उभारली होती. ती त्यांना गरजेपेक्षा थाटाची वाटली आणि त्यांनी तशी नाराजीही बोलून दाखवली. न मागता मिळालेली वरची जागा नको म्हणणारा पाहुणा बेळगावने पाहिलेला आहे.

त्या अधिवेशनाच्या शताब्दीला, २६ डिसेंबर २०२४ रोजी, काँग्रेस कार्यसमितीची बैठक टिळकवाडीतल्या वीरसौधात झाली. त्याच रात्री डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झालं, दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली आणि नेतेमंडळी दिल्लीला परतली. महिनाभर आधी अडवलेल्या खोल्यांचं गणित असं एका रात्रीत बदलू शकतं. म्हणून 'फुल्ल आहे' हे आठवड्यापूर्वी मिळालेलं उत्तर शेवटचं धरून बसू नये.

आता शोधायचं कसं ते सांगतो. हॉटेलचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर तिथे आपल्या तारखा घालून सूटचा दर दिसतो का पाहावं. दिसला तर एकाऐवजी दोन, मग तीन सूट मागून पाहावेत, म्हणजे किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. मुक्काम दोन-तीन रात्रींचा असेल तर प्रत्येक रात्र वेगळी तपासावी. मधल्या एका रात्री सूट गेलेला असेल तर मॅनेजर तो पहिल्या दिवशीही द्यायला नाखूष असतो, कारण पाहुण्याचं सामान मध्येच हलवणं कुणालाच नको असतं. साध्या खोल्या संपल्या आहेत आणि सूट मात्र विक्रीला आहेत असं दिसलं, तर संधी सर्वांत चांगली. एक-दोन पाहुणे येणार नाहीत असं धरून बरीच हॉटेलं साध्या खोल्या थोड्या जास्तच विकतात. सगळे आले की कुणाला तरी वर सरकवावं लागतं.

बुकिंग ॲपवर मात्र विसंबू नये. हॉटेल आपल्या सगळ्या खोल्या ॲपला देतंच असं नाही. ॲपवर 'सोल्ड आउट' दिसणारा सूट प्रत्यक्षात रिकामा असू शकतो. पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणारी आपली मुलं मोठ्या साखळ्यांची सभासदत्वं घेऊन गावी येतात. मॅरियट किंवा हयातच्या वरच्या श्रेणीच्या सभासदाला उपलब्ध असल्यास सूट देण्याची तरतूद आहे, पण तो उपलब्ध आहे की नाही हे ठरवतं हॉटेलच. आणि बेळगावातली बहुतेक हॉटेलं इथल्याच मालकांची आहेत. तिथे कार्ड चालत नाही, फोन चालतो. फोन करायचा तो थेट हॉटेलच्या रिसेप्शनवर, येण्याच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास. तेव्हा कोण निघालं आणि कोण येणार याची यादी ड्युटी मॅनेजरपुढे असते. संध्याकाळी सहा-सातला वऱ्हाड आणि बसचे प्रवासी एकदम येतात, त्या वेळी त्याला मान वर करायला फुरसत नसते.

एक प्रश्न फोनवर जरूर विचारावा : "त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये कार्य आहे का?" हॉल किंवा लॉन असलेल्या हॉटेलांत सूट नवरा-नवरीच्या पॅकेजमध्ये जातो. कार्य असेल तर तिथे नाद सोडावा आणि ज्याला हॉलच नाही अशा हॉटेलला फोन लावावा. मुहूर्त पंचांगात सापडतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातल्या कसम परेडची तारीख मात्र विचारूनच घ्यावी लागते. नव्या जवानांचे आई-वडील, भावंडं, काका-मामा सगळे त्या दिवशी शहरात असतात आणि त्यांना मोठ्या खोल्याच लागतात.

निपाणीत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचं, तंबाखूच्या व्यापारावर वाढलेलं हे गाव. इथे मुक्कामाला येतात व्यापारी, कंपन्यांचे फिरते विक्रेते आणि लग्नाची पाहुणेमंडळी. लॉजच्या दरपत्रकावर सूट क्वचितच असतो; असते ती 'व्हीआयपी रूम', नाहीतर चार कॉटची फॅमिली रूम. तिथे मागायची गोष्ट म्हणजे हायवेकडची सोडून मागच्या बाजूची खोली, आणि मुलंबाळं सोबत असतील तर डबलच्या दरात फॅमिली रूम. "अण्णा, मागची फॅमिली रूम रिकामी असेल तर द्या," एवढं म्हटलं की मालक स्वतःच किल्ली काढून देतो असा माझा अनुभव आहे. निपाणीच्या काउंटरवर मालक बसतो, म्हणून तिथे 'बघतो' कमी ऐकू येतं.

पैसे भरून वरची खोली घेणार असाल तर एक हिशेब आधी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. समजा खोली ६,९०० रुपयांची आहे. करासह ती ७,२४५ ला पडते. काउंटरवर कुणी म्हणालं, "फक्त ८०० जास्त द्या, सूट घ्या," तर दर होतो ७,७०० आणि करासह बिल येतं ९,०८६. आठशेचा सूट १,८४१ ला पडला. हे पाहुण्याला आधी सांगणं हे हॉटेलचं काम आहे आणि ते सांगितलं जात नाही, याचा मला राग येतो. फुकट मिळालेल्या सूटवर असा जादा बोजा नाही, कारण कर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो.

मग रिकामा सूट द्यायचा कुणाला? ओळखीच्या माणसाला, मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला, की काउंटरवर नोट सरकवणाऱ्याला? नेहरूनगरच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, थेट गोव्याहून रुग्ण येतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला सुट्टी मिळाली तरी त्याच दिवशी घाट उतरवत नाही. एक-दोन रात्री शहरातच काढाव्या लागतात. आत रुग्ण, बाहेरच्या खोलीत सोबतचा माणूस, अशी रचना सूटमध्ये आयती असते. अशा कुटुंबाला साधी खोली देऊन सूट कुलपात ठेवणारं हॉटेल मला चांगलं हॉटेल वाटत नाही, मग त्याचं लॉबीतलं झुंबर कितीही मोठं असो.

शहरातल्या हॉटेलमालकांपुढे माझी मागणी सरळ आहे. सायंकाळी सहापर्यंत न विकलेला सूट पाहुण्यांना देण्याचा नियम करा, आणि क्रम काउंटरवर लिहून लावा : आधी रुग्ण आणि वृद्ध, मग लहान मुलं असलेली कुटुंबं, मग नेहमी येणारे. विचारणाऱ्याला आकडा सांगा : दोन आहेत, एक आहे, एकही नाही. अधिवेशनाच्या काळात 'डीसी ऑफिसने घेतलेत' असं सांगितलं तरी लोक समजून घेतात. आणि ज्यांना डिसेंबरातच बेळगावात राहायचं आहे, त्यांनी अधिवेशनाच्या समारोपाची तारीख लक्षात ठेवावी. शेवटच्या दिवशी कामकाज संपलं की गाड्या बेंगळुरूच्या रस्त्याला लागतात आणि अडवलेल्या खोल्या एकदम मोकळ्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला केलेला फोन त्या आठवड्यात वाया जाण्याची शक्यता सगळ्यात कमी.