पिवळ्या दिव्याची साक्ष

प्रत्येक शाळेत एखादा असा विद्यार्थी असतो, की ज्याच्याविषयी वर्गशिक्षक तक्रार घेऊन येतात. परंतु मुख्याध्यापक वर्गाच्या दारात उभे राहताच तो वहीत डोके घालून अत्यंत शहाण्यासारखा बसलेला आढळतो. तक्रार खोटी नसते, मात्र ती दाखवून देता येत नाही. जुन्या डिझेल मोटारीच्या डॅशबोर्डवर मधूनच लागणारा आणि गॅरेजच्या दारात पोचताच विझून जाणारा इंजिनाचा पिवळा दिवा हा याच जातीचा असतो. ‘आता तर काही दिसत नाही,’ असे मेकॅनिक म्हणतो, आपण ओशाळून परततो आणि पुढच्या प्रवासात दिवा पुन्हा लागतो.

हा विषय केवळ यंत्राचा नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांची नाती दूरवर पसरलेली आहेत. बेळगावची लेक फोंड्यात नांदते, इंदूरची आत्या धुळ्यात असते, बडोद्याच्या घराचे कुलदैवत कोल्हापुरात असते. लग्नकार्य, आजारपण, कुळाचार यांसाठी घरातली दहा-बारा वर्षांची डिझेल गाडीच रस्त्याला लागते. अशा वेळी तो दिवा मनाला घोर लावतो, आणि त्या धास्तीपोटी कित्येक घरांत हजारो रुपये विनाकारण खर्च होतात.

प्रथम या दिव्याची ओळख करून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा धूर मर्यादेत राहावा, हा त्याचा मूळ हेतू. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींत स्वयंनिदानाची ही व्यवस्था आजच्या स्वरूपात सक्तीची झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा, अधिक काटेकोर टप्पा एप्रिल २०१३ मध्ये आला. इंजिनावर ठिकठिकाणी बसविलेले सेन्सर आपापली मापे एका लहानशा संगणकाला कळवीत असतात. एखादे माप मर्यादेबाहेर गेले, की संगणक सांकेतिक क्रमांकाने त्याची नोंद करतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत तो लगेच बोभाटा करीत नाही. तोच दोष पुढच्या फेरीतही आढळला, म्हणजे मग दिवा लावतो. त्यानंतर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या, तर सामान्यतः दिवा आपोआप विझतो. नोंद मात्र पुसली जात नाही. थंड इंजिन सुरू होऊन पुरते तापावे, असे सुमारे ४० वेळा घडेपर्यंत ती टिकून राहते. दोष आढळला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याचेही टिपण बहुधा तिच्यासोबत असते. तेव्हा दिवा विझला तरी साक्ष शिल्लक असते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून पहिला नियम असा, की नोंद वाचून व कागदावर उतरवून घेतल्याशिवाय ती कोणालाही पुसू देऊ नये. बॅटरीची वायर काढून दिवा ‘घालविण्याचा’ उपाय अनेक जण सुचवितात. त्याने दुखणे जात नाही, पुरावा तेवढा नाहीसा होतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस १६ पिनांचे एक सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावून ही नोंद वाचता येते. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे: तो क्रमांक तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. ‘वर्गात गोंगाट झाला’ एवढ्यावरून पहिल्या बाकावरच्या मुलाला शिक्षा देणे जितके न्याय्य, तितकेच क्रमांक पाहून सुटा भाग बदलणे शहाणपणाचे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. त्यांच्या पत्नीला दर महिन्याला तपासणीसाठी गोव्यातील रुग्णालयात न्यावे लागे. मुलगी तिकडेच असल्याने ती सोय होती. बेळगावात आठवडाभर गाडी हिंडली तरी दिवा लागत नसे. परतीच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या चढणीला मात्र तो लागे आणि गाडीचा जोर ओसरे. एका पावसाळी संध्याकाळी पत्नी मागच्या आसनावर पडून असताना गाडी अर्ध्या घाटात अक्षरशः रांगू लागली. तेव्हापासून त्या माऊलीने तपासणीला जायचेच नाकारले. एका गॅरेजात दोनदा नोंद पुसून गाडी परत दिली गेली. तिसऱ्या खेपेस इंधनाचा हाय प्रेशर पंप बदलण्याचा सल्ला आणि ६०,००० रुपयांचा अंदाज हाती पडला. पेन्शनीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नव्हती.

मी त्यांना पंपाचा निर्णय लांबवून आधी एक वही करावयास सांगितले. तारीख, इंजिन थंड की तापलेले, चढ की सपाट, गिअर आणि वेग, गाडीत ओझे किती, टाकीत डिझेल किती, पाऊस की ऊन, असे रकाने आखले. पितापुत्रांनी भरलेली गाडी घेऊन मुलीकडे तीन खेपा केल्या, तेव्हा वहीनेच उत्तर सुचविले. पावसाचा संबंध नव्हता, टाकीतल्या डिझेलचाही नव्हता. दिवा लागे तो केवळ ओझ्यासह चढताना, ॲक्सिलरेटर दाबून धरला असता. नोंदीचा क्रमांक होता पी ००८७, म्हणजे इंधनाच्या नळीतील दाब अपेक्षेपेक्षा कमी.

आता याचा अर्थ पाहा. अलीकडच्या डिझेल इंजिनांत सर्व इंजेक्टरांना एका सामाईक नळीतून इंधन मिळते. गाडी जागेवर उभी असता त्या नळीत काही शे बार इतका दाब पुरतो; भर ओझ्याने चढताना तो हजार बारांच्या पलीकडे, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक लागतो. चहाची गाळणी चोथ्याने अर्धी बुजली, तरी एक कप चहा सावकाश गाळला जातो. किटलीभर चहा एकदम ओतला, की तो वरच तुंबतो. डिझेल फिल्टरचे नेमके असेच होते. बाजारात भाजी आणताना बुजलेला फिल्टर पुरा पडतो, घाटात पडत नाही. दुसऱ्या एका मेकॅनिकने स्कॅनर लावून शेजारी बसून घाट चढविला; संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षातला दाब यांतली तफावत चढणीवर वाढत गेलेली स्वच्छ दिसली. फिल्टर बदलल्याची दोन वर्षांत नोंदच नव्हती. योग्य बनावटीचा नवा फिल्टर हजार-बाराशे रुपयांत बसला. पुढच्या तीन खेपा दिव्याविना पार पडल्या आणि चौथ्या खेपेस त्या माऊली आपण होऊन गाडीत बसल्या.

फिल्टरने भागले नसते, तर इंजेक्टरांतून परत वाहणारे इंधन मोजावयाचे, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह तपासावयाचा आणि पंपावर अगदी शेवटी यावयाचे. स्वस्ताकडून महागाकडे, बाहेरून आत, हा क्रम सोडू नये.

वहीतील रकाने इतर दुखणीही उघड करतात. दिवा पावसाळी सकाळी लागत असेल, तर ओलसर झालेला कनेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली वायर पाहावी. खडबडीत रस्त्यावरच लागत असेल, तर सैल अर्थिंग किंवा सैल जोड शोधावा. इंजिन चालू ठेवून, पट्टे आणि पंखा यांपासून हात दूर राखून, वायरींचा जुडगा हलविताना स्कॅनरवरचा आकडा उडतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. थंडीत इंजिन सुरू करतानाच लागत असेल, तर बॅटरी व ग्लो प्लग तपासावेत. विसावलेल्या निरोगी बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. जोराने पुढे जाताना शिटीसारखा आवाज आणि काळा धूर येत असेल, तर टर्बोचा एखादा रबरी पाइप फाटला असण्याचा संभव आहे. केवळ शहरातल्या लहान फेऱ्यांनी धुराचा काही भाग इंजिनाकडे परत वळविणारा व्हॉल्व्ह काजळीने भरतो.

दोन सावधगिरीच्या सूचना. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. तेथे वही काढू नये. आणि इंजिन चालू असताना इंधनाची नळी कोणीही सैल करू नये. इतक्या दाबाची बारीक धारही कातडी भेदून आत शिरते.

मोटारीच्या खणात चाळीस पानी वही आणि एक पेन्सिल आजच ठेवा. शेजारी बसणाऱ्याने लिहावे, चालविणाऱ्याने रस्त्याकडे पाहावे. पुढच्या वेळी गॅरेजात जाताना ‘दिवा अधूनमधून लागतो’ असे न सांगता ‘दिवा कधी लागतो’ हे सांगता आले, तर चांगला मेकॅनिक निम्मे काम झाले असे समजतो, आणि पैशावर डोळा असणाऱ्याला आपला मोहरा बदलावा लागतो.