न्यूनतम दर आणि न्यूनतम खर्च

माणिकगडच्या पहाडावरील जिवती तालुक्यात शिधा पोचविणे आणि पायथ्याच्या राजुऱ्यात तो पोचविणे ही कागदावर एकसारखी दिसणारी, परंतु स्वभावतः भिन्न अशी दोन कामे आहेत, हे पुरवठा खात्यात ज्यांनी एक पावसाळा काढला त्यांस सांगावयास नको. तरीही कंत्राटे देताना एकेका तालुक्याचे लिफाफे उघडावेत, ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्या नावे हुकूम काढावा आणि सरकारी पैसा वाचला या समाधानात दफ्तर बांधावे, असा परिपाठ पुष्कळदा असतो.

एक काल्पनिक हिशेब पाहू. पहिला ठेकेदार क्विंटलमागे राजुऱ्यासाठी 60 व जिवतीसाठी 90 रुपये मागतो. दुसरा अनुक्रमे 70 व 140. दोन्हीकडे पहिलाच स्वस्त, परंतु त्याच्या गाड्या एकाच तालुक्यास पुरतील एवढ्याच. राजुऱ्याचा लिफाफा आधी उघडला, तर जिवती दुसऱ्याकडे जाते आणि दोहोंकडील प्रत्येकी एका क्विंटलास 200 रुपये पडतात. वाटणी उलट केली तर 160. राजुऱ्यात दहा रुपये अधिक मोजून पहाडावर पन्नास वाचविण्याची ही सोय नियमाबरहुकूम चालणाऱ्या कारकुनास दिसत नाही, कारण तो दर पाहतो, वाटणी पाहत नाही.

दोन तालुक्यांस पाटी-पेन्सिल पुरते. पंधरा तालुके आणि दहा ठेकेदार झाले की गणित लागते. हिचकॉक या गणितज्ञाने 1941 साली मालवाहतुकीचा प्रश्न मांडला, डँट्झिगने 1947 साली असे प्रश्न सोडविण्याची सिम्प्लेक्स पद्धती दिली, आणि आज ते काम साधा संगणक करतो. केंद्र शासनाने डिसेंबर 2024 मध्ये आणलेली ‘अन्नचक्र’ प्रणाली याच कुळातील. परंतु ती धान्याचे मार्ग आखते, ठेकेदार निवडण्याची जबाबदारी आपल्याच शिरावर राहते.

अडचण गणिताची नाही, अटींची आहे. पावसाळ्यापूर्वी साठा पोचलाच पाहिजे, एकाच हाती अमुक हिश्श्याहून अधिक काम जाऊ नये, ही कलमे समीकरणात लिहिली नाहीत तर समीकरणाच्या लेखी ती नसतातच. रेशन दुकानापासून कोलामांच्या पाड्यापर्यंत डोक्यावरून धान्य नेणाऱ्या बाईचे श्रम तर आपल्या कोणत्याच तक्त्यात नाहीत, आणि म्हणून दुकाने कमी केली की खर्च ‘घटतो’. प्रत्येक अट एका मात्रेने शिथिल केल्यास किती रुपये वाचतील ही तिची छाया-किंमतही हेच गणित सांगते. ती पाहून अट ठेवावी की सोडावी, हा निर्णय मात्र अधिकाऱ्याचा.

वाचकांस विनंती एवढीच की, येत्या निविदेत ठेकेदाराच्या गाड्यांची क्षमता नोंदणीपत्रावरून आधी पडताळावी, अटी दर उघडण्यापूर्वी लेखी ठरवाव्यात, आणि सर्व तालुक्यांचे लिफाफे एकाच बैठकीत उघडावेत.