रोप कोलमडलं म्हणून घरात विष कशाला?

पनवेलजवळ कोनला राहणाऱ्या माझ्या भाचीनं गेल्या पावसाळ्यात एक फोटो पाठवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या ट्रेमध्ये मिरचीची रोपं उगवली होती, दोन पानांवर आली होती आणि मुळाशी बारीक होऊन आडवी पडली होती. दुसऱ्या फोटोत पाण्याची जुनी प्लास्टिकची बाटली होती. तळाशी तपकिरी द्रव, वर ना नाव ना चिठ्ठी. ‘दुकानदार म्हणाला, शेतावर मारतात तेच आहे, टोपणभर पुरे. मामा, मारू का?’ बाटली ओट्यावर होती. घरात तीन वर्षांचं मूल आहे.

मी आधी बाटली उचलून बंद जागी ठेवायला सांगितलं. रोपांचं नंतर बघितलं. क्रम हाच असायला हवा, आणि आपल्याकडे तो नेमका उलटा असतो.

कोनमध्ये आता उंच इमारती उभ्या आहेत. गिरणी कामगारांसाठी म्हाडानं २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत काढली, ती इथल्याच घरांची. अशा लहान घरांत हौसेनं मिरची, टोमॅटो, मेथी लावणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं. पण शेतातलं रोप आणि खिडकीतलं रोप यांची दुखणी वेगळी असतात. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत तो जेमतेम काहीशे लक्स भरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, रोपाला जाणवतो. ते उजेडाच्या शोधात लांबट, फिकट आणि लुळं होतं. त्याला औषध नव्हे, ऊन हवं असतं.

भाचीच्या रोपांना झालं होतं ते ‘रोप कोलमडणे’. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशीजन्य आणि बुरशीसदृश जीव सतत ओल्या मातीत रोपाचा बुंधा कुजवतात. पडलेलं रोप परत उभं राहत नाही. कीटकनाशकाचा तर इथे काडीचाही उपयोग नाही, कारण हा कीटक नाहीच. पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट काढून टाकायची. ट्रे धुऊन नवं कोकोपीट घ्यायचं, तळाला भोकं ठेवायची, बी विरळ पेरायचं. पाणी वरचा थर सुकल्यावरच, तेही सकाळी. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला तर आणखी चांगलं.

कुंडीभोवती उडणारी काळी चिलटं हेही जास्त पाण्याचंच लक्षण. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये वाढतात आणि कोवळी मुळं खातात. माती सुकू द्या, पिवळा चिकट सापळा लावा, चिलटं कमी होतात. पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. अनेक कीटकनाशकांनी तो मरत नाही, मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक. मग कोळी आणखी वाढतो. पानांची खालची बाजू पाण्यानं धुवायची आणि दर तीन-चार दिवसांनी पुन्हा धुवायची, कारण अंडी मागे राहतात. आणि अगदी पहिली दोन पानं पिवळी पडून गळत असतील, पण वरची पानं हिरवी असतील, तर काहीच करायचं नाही. त्या पानांचं काम संपलेलं असतं.

म्हणजे घरातल्या रोपांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाणी, उजेड आणि हवा यांत असतं. रायगडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. भाताचं रोप टाकण्याआधी ते राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा जाळून आधी जमीन तयार करतात. आपण फ्लॅटमध्ये राब भाजणार नाही, पण आधी माती मग बी हा त्यातला विचार तरी उचलू शकतो.

आता त्या बाटलीविषयी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते उघड्या शेतात होते. बंद घरात ऊन-पाऊस नसल्यामुळे हीच रसायनं अधिक काळ टिकतात, फरशीवर आणि धुळीत बसतात. त्याच फरशीवर मूल रांगतं आणि हात तोंडात घालतं. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शालेय आहारातून २३ मुलं दगावली, कारण जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. विष आणि अन्न एकाच घरात, ओळख नसलेल्या भांड्यांत राहिलं की एवढं पुरतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. शेतीचं कीटकनाशक सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून विकणं ही ग्राहकाची सोय नाही, हा गुन्हा आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, लाल सर्वात विषारी. बाटली बदलली की हा इशाराच नाहीसा होतो. कृषी विभागाची तपासणी ग्रामीण भागापुरती न राहता शहरालगतच्या दुकानांतही व्हायला हवी. सोसायट्यांनी बागकामाचे वर्ग घ्यावेत, पण त्यात फवारणीआधी निदान शिकवावं. एक सूचना पेरणाऱ्यांनाही: दुकानातलं गुलाबी किंवा हिरवं रंगवलेलं बियाणं औषध लावलेलं असतं. ते मायक्रोग्रीन्ससाठी भिजवून खायचं नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातली मेथी किंवा मोहरी घ्यावी.

आणि चुकून कुणाच्या पोटात असं काही गेलंच, तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा. बाटलीवर नाव असेल तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

भाचीनं ती बाटली दुकानदाराला परत केली. ट्रे आता जिन्याच्या खिडकीत आहे, तिथे सकाळचं ऊन येतं. दुसऱ्या खेपेला पेरलेल्या बारा रोपांपैकी नऊ जगली. तीन मेली. तेवढं चालतं.